जावाच्या भातगावात बिऱ्हाड करायचं असेल तर

इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या योग्याकार्ता शहरातून पश्चिमेला गोडेआनच्या बाजाराकडे निघालं की दहा-बारा किलोमीटरांत दुकानं विरळ होतात आणि थेट प्रोगो नदीपर्यंत खाचरंच खाचरं लागतात. या पट्ट्यातल्या एका गावात आम्ही नवरा-बायको तीन वर्षं भाड्याने राहिलो. तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतो. "आम्हालाही तिकडं राहायचंय गं. एखादं जुनं लाकडी घर मिळेल का? विकतच घेऊन टाकू." प्रत्येकाला तेच ते सांगून दमले, म्हणून एकदाच लिहून काढते.

यातलं बरंचसं आमच्या स्लेमान जिल्ह्याचं आहे. पूर्व जावात शब्द थोडे बदलतील, पश्चिमेच्या सुंदा मुलखात तर भाषाच बदलेल. क्रम मात्र हाच ठेवा: आधी तोंडओळख, मग भाड्याचं घर, मग गावाच्या कामात हजेरी, आणि जमिनीचा विचार सगळ्यात शेवटी. फोन करणारे नेमके उलट्या टोकाने सुरू होतात.

कागदपत्रं आणि पोहोचणं

भारतीय पासपोर्टवर उतरल्यावर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा, फी ५ लाख रुपिया. आकड्याने दचकू नका, एक लाख रुपिया म्हणजे आपले पाचशेच्या आसपास रुपये. ऑनलाइन आधीच काढला तर विमानतळावरची रांग वाचते. तो एकदाच, आणखी ३० दिवसांसाठी वाढवून मिळतो आणि त्यासाठी इमिग्रेशन कचेरीत जातीने जावं लागतं. त्याहून जास्त राहायचं असेल तर घरूनच ६० दिवसांचा पर्यटन व्हिसा काढून निघा. तो वाढवत वाढवत सहा महिन्यांपर्यंत नेता येतो. वर्ष-दोन वर्षांच्या परवान्याला 'कितास' म्हणतात. नोकरी, लग्न, शिक्षण, निवृत्ती अशी ठरावीक कारणं असली तरच तो मिळतो आणि बहुतेक वेळा तिथला जामीनदार लागतो. मुदत उलटली की दिवसाला १० लाख रुपिया दंड. पर्यटन व्हिसावर पैसे घेऊन कुठलंही काम करू नका, गावातल्या पोरांच्या इंग्रजीच्या शिकवण्यासुद्धा नकोत.

एक बारीक गोष्ट पुष्कळजण विसरतात. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर आपला मोबाइल उतरल्या उतरल्या विमानतळावरच्या कस्टम्सकडे नोंदवा. नाहीतर काही दिवसांनी त्यात तिथलं सिम चालेनासं होतं.

योग्याकार्ताचा नवा विमानतळ शहरात नाही, कुलोन प्रोगो जिल्ह्यात समुद्राकाठी आहे. क्वालालंपूर किंवा सिंगापूरमार्गे थेट तिथे उतरता येतं आणि विमानतळाची रेल्वे पाऊण तासाच्या आत शहराच्या तुगू स्टेशनात सोडते. जकार्ताला उतरलात तर सरळ आगगाडीने या. गांबिर स्टेशनातून निघालेली जलद गाडी सहा-सात तासांत पोहोचवते, आणि शेवटचे दोन-तीन तास खिडकीबाहेर जे दिसतं ते विमानातून दिसत नाही.

पहिला आठवडा पाहुणे म्हणून

थेट गावात जाऊन दारं ठोठावू नका. 'देसा विसाता' म्हणजे पाहुण्यांची सोय करणारी गावं बरीच आहेत: मेरापी ज्वालामुखीच्या उतारावरचं पेंटिंगसारी, बोरोबुदुरच्या बौद्ध स्तूपाजवळचं चांदिरेजो, गुनुंगकिडुल जिल्ह्यातलं न्गलांगेरान. तिथे कुणाच्या तरी घरी चार-सहा दिवस राहा. पहाटे साडेचारची बांग, कोंबडे, मागच्या पडवीतली चूल, हौदातून 'गायुंग'ने, म्हणजे लांब दांड्याच्या टमरेलाने अंगावर घ्यायचं गार पाणी, दिवसाचे तीन्ही त्रिकाळ भात. हे सगळं सातव्या दिवशीही आवडत असेल तर पुढचं वाचा.

याच आठवड्यात जीभ वळवून घ्या. मराठी माणसाला इंडोनेशियन भाषा निम्मी ओळखीची वाटते. किंमत म्हणजे 'हार्गा' (आपला अर्घ), खर्च म्हणजे 'बियाया' (व्यय), फरक म्हणजे 'बेदा', नवरा 'सुआमी', बायको 'इस्त्री'. मात्र गावात म्हातारी माणसं आपापसांत जावानीज बोलतात आणि तिच्यात पायऱ्या आहेत: बरोबरीच्याशी 'ङोको', मोठ्यांशी 'क्रोमो'. नवख्याने क्रोमोचे चार शब्द शिकावेत आणि बाकी सगळं इंडोनेशियनमध्ये बोलावं. 'मोंगो' म्हणजे या, घ्या, चला, बसा, आणि रस्त्यात दिसलात म्हणून केलेला नमस्कारसुद्धा. 'मातुर नुवुन' म्हणजे आभार. बसलेल्या माणसांसमोरून जाताना कमरेत किंचित वाकायचं, उजवा हात खाली धरायचा आणि 'नुवुन सेवू' म्हणायचं. शब्दशः अर्थ 'हजार वेळा माफी मागतो', पण वापर आपल्या 'जरा सरकता का' एवढाच. दिशा दाखवायची ती तर्जनीने नाही, उजव्या अंगठ्याने. वयस्क पुरुष 'पाक', बाई 'बु', आपल्या वयाचे 'मास' आणि 'म्बाक', आजी-आजोबा दोघंही 'म्बाह'. नुसत्या नावाने कुणाला हाक मारू नका.

"कुठं निघालात?" असं दिवसातून दहाजण विचारतील. भोरकडच्या माझ्या माहेरीही हेच चालतं, त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही. शहरात वाढलेल्या नवऱ्याला पहिले पंधरा दिवस लोक पाळत ठेवतायत असंच वाटत होतं. उत्तर कुणाला नकोच असतं. 'म्लाम्पाह-म्लाम्पाह', म्हणजे आपलं असंच फिरायला, एवढं पुरतं. तसंच 'माम्पिर!' म्हणजे 'या ना घरी'. हे ऐकून दर वेळी चपला काढायच्या नसतात. तिसऱ्यांदा आग्रह झाला आणि आतून चहाचा पेला वाजला तरच आत जायचं. आणि 'इंगिह', म्हणजे हो, हा शब्द 'मी ऐकलं' एवढ्याच अर्थाचा धरा. गवंडी "उद्या येतो ना? इंगिह" म्हणाला म्हणून उद्या सिमेंट कालवून बसू नका.

भाड्याचं घर

गावातली घरं संकेतस्थळांवर नसतात. कोपऱ्यावरच्या 'वारुंग'मध्ये म्हणजे टपरीवर चहा पीत विचारा, नाहीतर वाडीच्या प्रमुखाला, 'पाक डुकुह'ला, भेटा. 'दिकॉन्त्राक्कान' अशी पाटी दिसली तर ते घर भाड्याने द्यायचं आहे. गावाकडे महिन्याचं भाडं फारसं चालत नाही. वर्षाचा 'कॉन्त्राक' होतो आणि पैसे एकरकमी आगाऊ. दोन प्रती करा, प्रत्येकीवर १०,००० रुपियांचं 'मेतेराई', म्हणजे महसुली तिकीट, लावा आणि सही त्या तिकिटावरून आडवी जाऊ द्या. मालकाच्या ओळखपत्राची झेरॉक्स घ्या. घर वडिलार्जित असेल तर बाकीची भावंडं कुठे आहेत ते विचारा. सहहिस्सेदार ही काय भानगड असते हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

घर बघताना या गोष्टी तपासा. भिंतींना खाली पायाचा काँक्रीटचा पट्टा (गवंडी त्याला 'स्लूफ' म्हणतात), कोपऱ्यांत कॉलम आणि वर बांधपट्टा आहे का? २७ मे २००६ च्या पहाटे इथे भूकंप झाला, ५,७०० हून जास्त माणसं गेली, त्यातली बहुतेक शेजारच्या बांतुल जिल्ह्यातली, आणि पुष्कळशी नुसत्या विटांच्या भिंतींखाली. विहिरीपासून शोषखड्डा किती लांब आहे तेही पाहा. पाण्याच्या पंपाला सगळे 'सान्यो' म्हणतात, कंपनी कुठलीही असो, आपण टूथपेस्टला कोलगेट म्हणतो तसं. मशिदीचा कर्णा कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते बघून ठेवा, नंतर तक्रार करायची नाही.

वीज मोबाइलसारखी आधी भरायची. दुकानातून २० आकडी 'तोकेन' घ्यायचा आणि मीटरच्या बटणांवर टिपायचा. शिल्लक संपत आली की मीटर टीट-टीट करत राहतं आणि ते चार घरांपर्यंत ऐकू जातं. आमचं एकदा भर दुपारी वाजायला लागलं तर समोरच्या म्बाह न विचारता दिव्याची वात घेऊन आल्या. स्वयंपाकाच्या गॅसची तीन किलोची हिरवी टाकी, लोक तिला 'मेलन', म्हणजे खरबूज, म्हणतात, ती अनुदानाची आणि गरिबांसाठी आहे. दुकानदार देईलही, पण तुम्ही साडेपाच किंवा बारा किलोची घ्या. पिण्याचं पाणी उकळा नाहीतर १९ लिटरचा 'गालोन' आणा.

एर-तेच्या दारात

सामान टाकलं की त्याच दिवशी 'पाक एर-ते'कडे जायचं. एर-ते म्हणजे तीस-चाळीस घरांची सगळ्यात लहान शेजारवस्ती, तिच्यावर एर-वे, मग पाडुकुहान म्हणजे वाडी, मग कलुराहान म्हणजे गाव. ही शेजाऱ्यांची मोळी बांधली जपान्यांनी, १९४४ मध्ये, महायुद्धात जावा त्यांच्या ताब्यात असताना, माणसांवर नजर ठेवायला. ते गेले, मोळी राहिली. प्रत्येक वस्तीच्या तोंडाशी पाटी असते: 'तामु वाजिब लापोर, १ × २४ जाम'. पाहुण्याने चोवीस तासांत वर्दी द्यावी. पासपोर्ट, व्हिसा आणि भाडेकराराची प्रत न्या. पुढे गावकचेरीत आणि इमिग्रेशनकडे घरमालकाने काय कळवायचं तेही तिथेच कळतं.

आम्ही पहिल्याच वेळी चुकलो. पाऊस कोसळत होता म्हणून जाणं तिसऱ्या दिवसावर ढकललं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक गृहस्थ मोठी काळी छत्री घेऊन दारात उभे. बसले, चहा घेतला, पावसाबद्दल बोलले, भारतातही भात पिकतो का विचारलं. अर्धा तास असाच गेला. उठताना छत्री झटकत म्हणाले, "मला वयामुळे झोप कमी लागते. कोण कुठे आहे माहीत असलं की जरा बरी लागते." एवढंच. ते निघून गेल्यावर दहा मिनिटांनी आम्हाला कळलं की आपल्याला रागावून गेलेत.

वर्गणीचं नंतर कळतं. वस्तीची महिन्याची भिशी असते, 'आरिसान'. बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. रक्कम किरकोळ असते, पण चिठ्ठी निघेपर्यंत गावाच्या सगळ्या गोष्टी तिथे ठरतात, तेव्हा पहिल्याच महिन्यात नाव घाला. रविवारी सकाळी 'कर्जा बाक्ती' म्हणजे गटार उपसणं, पाट साफ करणं, स्मशानातलं गवत काढणं. खुरपं घेऊन या. कुणाचं छप्पर चढवायचं असेल तर 'साम्बातान', म्हणजे आपलं इर्जिकच: मजुरी नाही, जेवण मात्र दणकून.

आणि रात्रीची 'रोंदा'. पुरुषांच्या आठवड्यातून एकदा पाळ्या असतात. वस्तीच्या तोंडाशी चौकी, तिच्यात लाकडी पोकळ ओंडक्याचा 'केंतोंगान' टांगलेला. नवऱ्याची पाळी गुरुवारी. रात्री बाराच्या सुमारास दोघं-तिघं बॅटऱ्या घेऊन निघायचे. प्रत्येक घराच्या खांबाला एक छोटी डबी किंवा कापलेली बाटली लटकवलेली असते आणि घरच्या बाईने संध्याकाळीच तिच्यात चिमूटभर तांदूळ टाकून ठेवायचे. म्हणून त्याचं नाव 'जिम्पितान', चिमटीतलं. आमच्या वस्तीत तांदळाऐवजी पाचशे रुपियांचं नाणं होतं. डब्यात नाणं पडल्याचा 'टण्' असा आवाज अर्धवट झोपेत ऐकू यायचा. एखाद्या डबीत सलग दोन-तीन रात्री काही मिळालं नाही तर सकाळी कुणीतरी त्या घरात डोकावून येतं: आजारी तर नाहीत? पैशांतून वस्तीचे दिवे, खुर्च्या, मयताचं सामान येतं. परदेशी म्हणून तुम्हाला सूट देतील. घेऊ नका.

मयत, लग्न आणि बरकत

गावात तुमची नोंद खऱ्या अर्थाने होते ती मयताच्या दिवशी. मशिदीच्या कर्ण्यावरून नाव पुकारतात आणि अर्ध्या तासात पेरते हात थांबतात. कुणी मांडव ओढतो, कुणी कुदळ घेऊन कबर खणायला जातो, बायका सरळ मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरतात. हाक यायची वाट बघायची नसते. गडद, साधे कपडे घाला, पाकिटात थोडे पैसे घाला, जाऊन खुर्चीवर बसा. काही बोलायची गरज नाही. ताटी उचलून धरतात आणि घरची माणसं तिच्याखालून वाकून पलीकडे जातात, त्याला 'ब्रोबोसान' म्हणतात. मग तिसऱ्या, सातव्या, चाळिसाव्या, शंभराव्या दिवशी प्रार्थना होतात, शेवटची हजाराव्या दिवशी.

एरवीची शुभाची बैठक म्हणजे 'केंदुरी'. आपल्याकडे पिराची कंदुरी असते ना, शब्द तोच, फारसीतून दोन्हीकडे गेलेला. पुरुष चटईवर बसतात, कुणी वडीलधारा प्रार्थना म्हणतो, आणि जेवण तिथे न जेवता टोपलीत किंवा खोक्यात घरी न्यायचं. त्याला 'बर्कात' म्हणतात, म्हणजे आपली बरकत. आम्ही घर लावल्यावर पंधरा दिवसांनी छोटी केंदुरी केली. शेजारच्या 'बु'नी विचारलं, "तुमचं काय घालायचं?" मी बेसनाचे लाडू घातले. दुसऱ्या दिवशी प्रत्येक डबा परत आला तो केळी नाहीतर तळलेले तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, घालून. रिकामा डबा परत करायचा नाही हे तिकडेही आहे.

लग्नाचं आमंत्रण आलं की पाकीट. किती घालायचं ते शेजाऱ्यांना विचारून ठरवा, कारण ती रक्कम वहीत लिहिली जाते आणि तुमच्या घरच्या कार्याला तेवढीच परत येते. आहेराची वही म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. बाईमाणसाला त्याआधी 'रेवांग'चं बोलावणं येतं: दोन-तीन दिवस स्वयंपाकाला मदत. मला पहिलं बोलावणं यायला सात महिने लागले. मला कांदे दिले नाहीत, मिरच्या दिल्या नाहीत. कोपऱ्यात बसवून केळीची पानं पुसायला दिली. शेजारी बसलेल्या म्हातारीने माझी पुसण्याची दिशा तीनदा बदलली: शिरेच्या कडेने, आडवी नाही, पान फाटतं. दुसऱ्या लग्नात नारळ खवायला मिळाले. बढती.

शाकाहारी असाल तर इथेच सांगून ठेवा. 'त्रासी', म्हणजे सुकटीसारखी कोळंबीची आंबवलेली चटणी, चटण्या-सांबाळांत बेमालूम असते आणि पापडासारख्या 'क्रुपुक'मध्येही कोळंबी असते. 'तान्पा त्रासी' म्हणजे त्रासीशिवाय. तेंपे, टोफू, शेंगदाण्याच्या रसातल्या भाज्यांचं 'पचल' आणि कच्च्या फणसाचं 'गुदेग' यांवर माणूस सुखाने जगतो. गुदेग योग्याकार्ताचं आहे, म्हणजे गोड आहे. किती गोड ते खाल्ल्यावरच कळेल.

पाच दिवसांचा आठवडा

बाजारहाटासाठी एक हिशेब शिका. सोमवार-मंगळवारांखेरीज जावात पाच दिवसांचं दुसरं चक्र चालतं: लगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. बाजार यांवर भरतात. कोटागेडेच्या 'पासार लगी'ला लगीच्या दिवशीच गर्दी उसळते, बाकी दिवस निवांत. दोन्ही चक्रं एकत्र केली की ३५ दिवसांनी तीच जोडी परत येते. जन्माची अशी जोडी म्हणजे 'वेतोन', आणि लग्नापासून घरभरणीपर्यंत सगळं तिच्यावरून ठरतं. भाड्याने घर घेतानाही मालकीणबाईंनी माझी जन्मतारीख विचारली होती, ती याचसाठी. पंचांग बघणाऱ्या माणसांना यात हसण्यासारखं काही नाही.

खाचरं

उभ्या पिकाला 'पारी', कांडायच्या आधी 'गाबाह', तांदळाला 'बेरास', शिजलेल्याला 'सगो' म्हणतात. आपण शेतातल्यालाही भात आणि ताटातल्यालाही भातच म्हणतो याचं आमच्या शेजाऱ्यांना फार नवल वाटलं. पाणी बारमाही असेल तिथे वर्षात दोनदा-तीनदा भात होतो. स्लेमानला ते मिळतं 'सेलोकान मातारम' या कालव्यामुळे. तो प्रोगोपासून ओपाक नदीपर्यंत जवळपास ३१ किलोमीटर जातो. जपान्यांच्या काळात योग्याकार्ताचे सुलतान, नववे हामेंगकुबुवोनो, यांनी तो काढवून घेतला, त्यामुळे इथली माणसं वेठबिगारीला बाहेर जाण्यातून वाचली असं लोक सांगतात. गावात पाण्याची पाळी बघणारा कारभारी 'उलु-उलु'. त्याला ओळखून असा, कारण तुमच्या परसातला पाटही त्याच्या हिशेबात आहे.

शेत अर्धेलीने देण्याला 'मारो' म्हणतात. उभं पीक व्यापाऱ्याला देऊन टाकण्याला 'तेबासान'. बायको किंवा नवरा जावानीज असेल आणि तिच्या-त्याच्या वाट्याला शेत आलं असेल, तर पहिली दोन वर्षं मारोनेच द्या, स्वतः उतरू नका. नुसती आवड असेल तर आवणीला हात लावा, कुणी नाही म्हणणार नाही. पायाला जखम असताना अनवाणी चिखलात जाऊ नका. उंदरांमुळे इथे लेप्टो होतो, कोकणात होतो तोच. बांधावर खांब रोवून वर लाकडी खोकं ठोकलेलं दिसेल. ते घुबडांसाठी, उंदीर खायला.

जमीन: आता बोलू

सगळ्यात आधी: परदेशी माणसाला जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही. १९६० च्या पाचव्या क्रमांकाच्या जमीन कायद्यानुसार 'हाक मिलिक' फक्त इंडोनेशियन नागरिकाचा. शब्द आपल्या 'हक्क' आणि 'मालक'चेच भाऊ आहेत, पण ते तुमचे नाहीत. दुसऱ्याच्या नावावर घेऊन आपण पैसे भरायचे ही पळवाट दलाल अगदी सहज सुचवतात. कायद्याच्या कलम २६ नुसार तो व्यवहार मुळातच रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होऊ शकते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. ज्याच्या नावावर घेतली तो माणूस चांगला असेलही. त्याचे वारस कसे असतील?

परवाना असलेल्या परदेशी माणसाला 'हाक पाकाई', वापराचा हक्क, मिळू शकतो. सध्याच्या २०२१ च्या नियमांनुसार ३० वर्षं, मग २० ची वाढ, मग ३० चं नूतनीकरण. पण त्यासाठी घराची किमान किंमत सरकारने ठरवलेली आहे आणि ती अब्जावधी रुपियांत आहे. खेड्यातलं घर त्यात सहसा बसतच नाही. म्हणून बहुतेकांसाठी उत्तर एकच: दीर्घ मुदतीचं भाडं, नोटरीसमोर.

जोडीदार इंडोनेशियन असेल तर लग्नाआधी मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार करा. तो नसेल तर संयुक्त मालमत्ता धरली जाते आणि जोडीदाराचाही मालकीचा हक्क अडचणीत येतो. घटनापीठाच्या २०१६ मध्ये जाहीर झालेल्या निकालानंतर लग्नानंतरही असा करार करता येतो. वारशाने परदेशी माणसाकडे हाक मिलिक आला तर एका वर्षात सोडावा लागतो.

शेतजमिनीचा कायदा आणखी कडक. खाचराचा मालक त्याच तालुक्यात राहणारा हवा, अशी १९६१ पासूनची अट आहे. जकार्तात नोकरी करणाऱ्या इंडोनेशियन माणसालाही ती लागू आहे. महाराष्ट्रात शेतकरी असल्याशिवाय शेतजमीन घेता येत नाही, हे ज्यांनी भोगलंय त्यांना लगेच समजेल. कागदावर 'पेकारांगान' म्हणजे घराची जागा, 'तेगालान' म्हणजे जिरायत, 'सावाह' म्हणजे खाचर. सावाहवर घर बांधायला आधी वापरबदल लागतो. स्वस्त आणि देखणं दृश्य असलेला तुकडा बहुधा सावाहच असतो.

योग्याकार्तात आणखी तीन प्रकारच्या जमिनींवर नजर ठेवा. सुलतानाच्या आणि पाकुआलामान या इथल्या दुसऱ्या राजघराण्याच्या जमिनी, ज्यांना २०१२ च्या विशेष दर्जाच्या कायद्याने पक्कं संरक्षण आहे. गावाच्या मालकीची 'तानाह कास देसा'. आणि गावच्या कारभाऱ्यांना पगाराच्या जागी कसायला दिलेली 'पलुंगुह'. आपली जुनी वतनाची जमीन आठवा. यांतली कुठलीच विकत मिळत नाही. स्लेमानमध्ये गावच्या जमिनीवर परवानगीशिवाय घरं बांधून लोकांना दिल्याची प्रकरणं २०२३ मध्ये कोर्टात गेली, आणि त्या घरांत पैसे घातलेली माणसं शिकलेली, नोकरदार होती. तेव्हा 'सेर्तिफिकात', म्हणजे मालकीचा दाखला, बघितल्याशिवाय चहासुद्धा पिऊ नका. गावकचेरीतली 'लेटर सी'ची, म्हणजे जुन्या जमीन-करवहीतली, नोंद म्हणजे मालकीचा दाखला नव्हे. जमीन खात्याच्या 'सेंतुह तानाहकू' या ॲपवर तुकडा तपासता येतो, आणि खरेदीखत नेमलेल्या अधिकाऱ्यासमोरच होतं.

जुन्या लाकडी घराची हौस मात्र भागू शकते. 'जोग्लो' म्हणजे मधल्या चार खांबांवर उंच छप्पर पेललेलं घर. हे लाकूड जमिनीशिवाय विकत मिळतं. सुतार प्रत्येक जोडावर खूण घालून सुटं करतात, ट्रकने नेतात आणि दुसरीकडे तसंच उभं करतात. भाड्याच्या जागेवर तुम्ही ते उभारलंत तर मुदत संपल्यावर लाकूड कोणाचं, हे करारात लिहून घ्या. वाळवीही बघा, खांबाचा तळ सुरीने टोचून.

फिरणं आणि दुखणं

वाहतूक डावीकडूनच आहे, एवढं सोपं. गावात बस नाही. ॲपवरची दुचाकी गावात आणून सोडते, गावातून न्यायला कंटाळते. शेवटी मोटारसायकल घ्यावीच लागते. आंतरराष्ट्रीय परवान्यावर दुचाकीचा शिक्का असल्याशिवाय चालवू नका, अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं तेच विचारते. योग्याकार्ता ते सोलो लोकल गाडी ८,००० रुपियांत नेते आणि प्रांबानानच्या मंदिरांजवळून जाते. ईदच्या आठवड्यात प्रवास आखू नका. सगळी जकार्ता गावाकडे येते, तिकिटं महिनाभर आधी संपतात. त्या दिवसांत गावातच थांबा, तुमच्याही घरी शंभर माणसं हात जोडून माफी मागायला येतील.

तालुक्याला 'पुस्केस्मास' नावाचं सरकारी दवाखाना-केंद्र असतं, किरकोळ दुखण्याला पुरतं. पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, तेव्हा डेंग्यू. ताप तिसऱ्या दिवशी टिकला तर रक्त तपासा. अंग मोडून आलं तर शेजारीण नाणं आणि तेल घेऊन पाठ खरवडायला येईल, 'मासुक आंगिन' म्हणजे अंगात वारं शिरलं म्हणून. लाल पट्टे बघून घाबरू नका. मेरापी ज्वालामुखी उत्तरेला आहे. २०१० मध्ये त्याने साडेतीनशेवर माणसं घेतली, त्यात त्याचे पारंपरिक राखणदार म्बाह मारिजान होते. घर घेताना धोक्याच्या पट्ट्याचा नकाशा गावकचेरीत मागून बघा, आणि जवळून जाणारी नदी डोंगरावरून उतरते का तेही विचारा. पावसात राखेचा चिखल त्याच वाटेने येतो.

निघताना

जाण्याच्या आठवडाभर आधी पाक एर-तेकडे 'पामित' करायला जा, निरोप मागायला. नुसतं कुलूप लावून गेलात तर ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं. आरिसानचे उरलेले हप्ते चुकते करा, गालोन दुकानात परत द्या, मीटरमध्ये थोडी वीज शिल्लक ठेवा. खांबावरची जिम्पितानची डबी मी काढून ठेवायला गेले तर समोरच्या म्बाहनी हात धरला. घरात नवा भाडेकरू यायला दोन महिने होते. तोवर त्या स्वतःच रोज संध्याकाळी आमच्या डबीत नाणं टाकणार होत्या.